लाल डागामागची धमनी

आमच्या लेकीच्या चेहऱ्यावरचा डाग तोवर सगळ्यांनी नुसता पाहिला होता. टेप लावून मोजला तो त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी. जन्मली तेव्हा डाव्या कानशिलावर ओरखडा वाटावा एवढाच फिकट गुलाबी भाग होता, भोवतीची कातडी जरा पांढुरकी. "लासं आहे, जाईल हळूहळू," असं घरातल्या मोठ्यांनी सांगितलं आणि बाळाच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. दोन-तीन आठवड्यांत तो भाग लालभडक झाला, मग फुगायला लागला, आणि कपाळ, भुवई, वरची पापणी अशी लाली चढत गेली. पसरली म्हणण्यापेक्षा, त्या सगळ्या पट्ट्यात ती आधीपासून दडलेली होती आणि आता वर आली, हे जास्त बरोबर.

मोजून झाल्यावर बाईंनी जे केलं त्याचा डागाशी काय संबंध, हे मला कळेना. बाळाच्या छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवलं, बेंबीच्या वर काही व्रणासारखी रेघ आहे का ते पाहिलं, ठोके बराच वेळ ऐकले, दोन्ही जांघांतली नाडी चाचपली. मग म्हणाल्या, "डागावरचं औषध आहे, आणि चांगलं आहे. पण डोक्याचा आणि मानेचा एमआरआय झाल्याशिवाय मी ते सुरू करणार नाही."

डाग त्वचेवर आणि एमआरआय डोक्याचा. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी बाईंकडे.

त्यांनी कागदावर चेहरा काढून समजावलं. हा डाग म्हणजे हिमँजिओमा, रक्तवाहिन्यांच्या पेशींची गाठ. बाळांमध्ये ती सर्रास दिसते, शंभरातल्या चार-पाच जणांना. बहुतेकांची छोटी असते, काही महिने वाढते, थांबते आणि पुढच्या काही वर्षांत विरत जाते. त्यामुळे "जाईल आपोआप" हे उत्तर बहुतेक बाळांसाठी खरंच असतं. पण पाच सेंटिमीटरपेक्षा मोठा, चेहऱ्याचा एक अख्खा पट्टा धरून वाढणारा हिमँजिओमा दिसला की डॉक्टरांना फेस सिंड्रोमची शंका घ्यावी लागते. १९९६ साली इलोना फ्रीडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नाव दिलं. पाच इंग्रजी अक्षरांचं. पी म्हणजे मेंदूच्या मागच्या भागातले, मुख्यतः लहान मेंदूतले दोष. एच म्हणजे हिमँजिओमा. ए म्हणजे धमन्या. सी म्हणजे हृदय आणि महाधमनी. ई म्हणजे डोळे. पाचही असायलाच हवेत असं नाही. चेहऱ्यावर मोठा हिमँजिओमा असलेल्या बाळांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ एक तृतीयांश बाळांमध्ये फेस सापडला. मुलींमध्ये याचं प्रमाण मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे. छातीचं हाड आणि जांघेतली नाडी यांचा उलगडा तेव्हा झाला: काही बाळांच्या छातीच्या हाडात खाच असते, आणि महाधमनी अरुंद असली तर जांघेतली नाडी मंद लागते.

आम्हाला घाबरवणारं अक्षर होतं ए. मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड आणि तिच्या फांद्या काही बाळांमध्ये अरुंद असतात, वेड्यावाकड्या वळलेल्या असतात, कधी एखादी तयारच झालेली नसते. बहुतेकदा हे सगळं डागाच्याच बाजूला. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत चेहऱ्याचा तो भाग आणि त्या धमन्या एकाच वेळी घडत असतात, म्हणून गडबड दोन्हीकडे उमटते. मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त कमी पडलं तर स्ट्रोक. एवढ्याशा जिवाला.

"गरोदरपणात हिचं काही चुकलं का?" हा प्रश्न मी विचारला, कारण बायको तो विचारणार नाही आणि मनातून काढणारही नाही हे मला माहीत होतं. "नाही," बाई म्हणाल्या, आणि पुढे एक अक्षरही जोडलं नाही. त्या 'नाही'चा आम्हाला फार उपयोग झाला.

यानंतरचे दिवस सगळ्यात अवघड होते, आणि त्याचं कारण डॉक्टरांचा उशीर नव्हे. असा हिमँजिओमा सगळ्यात झपाट्याने वाढतो तो बाळ साडेपाच ते साडेसात आठवड्यांचं असताना. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीपर्यंत त्याची बरीचशी वाढ होऊनही जाते. आम्ही नेमके त्याच आठवड्यांत होतो. रोज सकाळी पापणी आदल्या दिवसापेक्षा जड दिसायची. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की पापणीने बाहुली झाकली तर त्या डोळ्याकडून मेंदूकडे चित्रच जाणार नाही, आणि या वयात असं काही काळ जरी झालं तरी तो डोळा पुढे आळशी राहतो. म्हणजे डोळ्यासाठी औषध लवकर हवं, आणि मेंदूसाठी औषध थांबायला हवं.

थांबायचं का, तर औषध होतं प्रोप्रॅनोलॉल. रक्तदाब आणि हृदयाचे ठोके कमी करणारं हे जुनं औषध. २००८ साली फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या क्रिस्टिन लेओते-लाब्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते हृदयाच्या त्रासासाठी एका बाळाला दिलं असताना त्याच्या नाकावरचा हिमँजिओमा निवळताना पाहिला, आणि उपचारच बदलून गेला. त्याआधी तोंडाने स्टेरॉइड देत, महिनोन्‌महिने. औषध उत्तमच, पण धमनी अरुंद असेल तर पलीकडच्या मेंदूपर्यंत रक्त पोचतं ते दाबाच्या जोरावर. तो दाब औषधाने एकदम खाली आला तर? फेस असलेल्या बाळांना ते देतात, जपून दिलं तर बहुतेकांना सोसतंही. पण धमन्यांचा नकाशा हातात असल्याशिवाय नाही.

नातेवाईकांना हे समजावणं अशक्य होतं. "औषध आहे म्हणता, मग देत का नाही?" या प्रश्नाला फोनवर उत्तर देऊन देऊन मी शेवटी फोन बायकोच्या भावाकडे सोपवला. तो जरा चढ्या आवाजात बोलतो, त्याचं लोक ऐकतात.

इको आधी झाला, तो सोपा. बाळ दूध पीत होतं आणि डॉक्टर छातीवर प्रोब फिरवत होते. हृदय ठीक. डोळ्यांत थेंब घालून आतला पडदा आणि नस तपासली, तीही ठीक. एमआरआय मात्र भूल देऊन करायचा होता. अगदी लहान बाळांचा एमआरआय कधी कधी पोटभर पाजून, गुंडाळून, झोपेत करतात. पण आम्हाला मेंदू, मानेतल्या धमन्या आणि महाधमनीची कमान हे सगळं शिरेतून औषध सोडून हवं होतं, आणि तेवढा वेळ ती हलली असती तर बारीक धमन्यांची चित्रं पुसट आली असती.

भूलतज्ज्ञांशी झालेलं बोलणं मला या सगळ्या प्रवासातलं सगळ्यात शहाणं बोलणं वाटतं. ते म्हणाले, धमन्या कशा आहेत ते आपल्याला माहीत नाही, तर त्या वाईट आहेत असं धरूनच मी चालणार. आईचं दूध भुलेआधी चार तास बंद, पण त्याहून जास्त वेळ उपाशी ठेवायचं नाही. नंबर सकाळचा पहिला. सलाइन लवकर लावायचं, शरीरात पाणी कमी पडता कामा नये. रक्तदाब खाली येऊ द्यायचा नाही, आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइडही नेहमीएवढाच राखायचा, कारण तो घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. हे सगळं त्यांनी आम्ही न विचारता सांगितलं. इतरत्र आम्हाला दर वेळी आपणच प्रश्न शोधून न्यावे लागायचे.

चित्रं रेडिऑलॉजिस्टनी पडद्यावर दाखवली. उजवी कॅरोटिड नीट, जाड. डावी मानेतूनच बारीक निघालेली, वर जाताना आणखी बारीक, कवटीत शिरताना जेमतेम रेघ. लहान मेंदूचा डावा भाग उजव्यापेक्षा थोडा लहान. महाधमनी ठीक. म्हणजे फेस नक्की. मी त्या रेघेकडे बघत राहिलो तेव्हा त्यांनी पेन्सिल मेंदूच्या तळाशी नेली. तिथे धमन्यांचं एक कडं असतं, विलिसचं वर्तुळ. "चौकाला चार रस्ते येऊन मिळतात असं समजा. एक रस्ता बोळासारखा आहे, पण चौकाभोवतीचा गोल रस्ता पूर्ण आहे. उजवीकडून आलेल्या गाड्या फिरून डावीकडे जातायत." डाव्या बाजूच्या मेंदूत आधी झालेल्या इजेची कुठलीही खूण नव्हती.

न्यूरॉलॉजिस्ट बाईंना मी टक्केवारी विचारली. त्यांनी ती दिली नाही. फेस असलेल्या बहुतेक मुलांना स्ट्रोक होत नाही, एवढं ठामपणे सांगितलं, आणि मग धोक्याच्या तीन पायऱ्या समजावल्या. धमनीची वाट किंवा उगम नुसता वेगळा आहे, पण प्रवाहाला अडथळा नाही, ही खालची पायरी. मोठी धमनी खूप अरुंद किंवा बंद, आणि तिला वळसा घालून रक्त पोचवणारी वाटही अपुरी, ही वरची. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, स्ट्रोक झालेल्या फेस रुग्णांच्या पाहणीतही हेच दिसलं होतं: मेंदूची एखादी मुख्य धमनी नसणं, अरुंद असणं किंवा बंद होणं हा मोठा धोका, आणि अशा धमन्या एकाहून जास्त असल्या किंवा जोडीला महाधमनी अरुंद असली तर आणखी मोठा. आमची लेक मधल्या पायरीवर. धमनी अरुंद, पण एकच, आणि वळसा चांगला. वरच्या पायरीवरच्या बाळांना पुष्कळदा कमी मात्रेत ॲस्पिरिन देतात. आम्हाला तूर्त नको म्हणाल्या.

टक्केवारीऐवजी त्यांनी आम्हाला परिस्थिती दिल्या. उलट्या, जुलाब, चढता ताप, दूध नाकारणं. म्हणजे शरीरातलं पाणी घटण्याचे सगळे प्रसंग. रक्तदाब पडण्याचे प्रसंग. आणि एक जे आमच्या डोक्यात आलंच नसतं: रक्तातलं लोह. हिमोग्लोबिन कमी असेल तर पोचणाऱ्या रक्तातून प्राणवायूही कमी पोचतो, म्हणून ते तपासून लोहाचे थेंब सुरू केले.

मग प्रोप्रॅनोलॉल, दवाखान्यात भरती करून. अगदी कमी मात्रेपासून, दिवसातून तीनदा विभागून, म्हणजे एकदम चढउतार होणार नाही. डोस दिल्यानंतर पहिल्या आणि दुसऱ्या तासाला नाडी आणि रक्तदाब. मात्रा वाढवली ती हळूहळू, काही आठवड्यांत. डागाचा भडक लाल रंग थोड्याच दिवसांत जांभळट झाला, फुगवटा मऊ पडला, आणि पापणी उचलली जाताना दिसली तेव्हा बायको पहिल्यांदा आवाज करून रडली.

या औषधाचा घरचा नियम एकच: आधी पोटात दूध, मग औषध. उपाशीपोटी दिलं तर रक्तातली साखर घसरू शकते, आणि बाळ ते सांगू शकत नाही. घाम येतो, गळून जातं, जास्त झालं तर झटका येतो. म्हणून दूध कमी प्यायली किंवा उलटी झाली की डोस गाळायचा आणि फोन करायचा. छातीत घरघर असेल तरीही. शहाणी बाळं रात्रभर सलग झोपतात असं म्हणतात. आमची झोपायला लागली तेव्हा आम्ही गजर लावून तिला दूध पाजायला उठवत होतो. सासूबाईंना हे मुळीच पटलं नाही.

दवाखान्याच्या बाकावर आमच्या शेजारी एकदा असंच कपाळावर डाग असलेलं बाळ होतं. त्याचा डाग सपाट, वाइनच्या रंगाचा आणि जन्मतःच पूर्ण आकाराचा. त्याच्या आईने आणि आम्ही तासभर टिपणं जुळवून पाहिली आणि दोघांनाही कळलं की जुळत नाहीत. तो पोर्ट-वाइन डाग, आणि त्यांना शंका होती स्टर्ज-वेबरची. त्यात मेंदूवरच्या पातळ आवरणातल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडलेल्या असतात, झटके येतात, डोळ्यातला दाब वाढतो, आणि स्ट्रोकसारखे प्रसंगही होतात, ज्यात एक बाजू काही काळ लुळी पडते. २०१३ मध्ये त्यामागचा जनुकीय बदल सापडला. तो गर्भात नंतर घडतो, आईबापांकडून येत नाही. तो डाग आपोआप जात नाही. आणि तिथे सुरुवातीचा एमआरआय स्वच्छ आला तरी पूर्ण निश्चिंत होता येत नाही, कारण काही बाळांमध्ये खुणा नंतर उमटतात. चेहऱ्यावर लाल डाग म्हटलं की लोक सगळ्यांना एकच सल्ला देतात. कुठला डाग आहे हे आधी डॉक्टरांकडून वदवून घ्यावं, असं आता मी ओळखीतल्या प्रत्येकाला सांगतो, जरा आगाऊपणानेच.

बाळाच्या स्ट्रोकची लक्षणं मोठ्यांसारखी नसतात. मोठ्या माणसाचं बोलणं अडखळलं, चेहरा एका बाजूला लोंबला की कळतं. बाळ बोलतच नाही, चालतही नाही. आम्हाला पाहायला सांगितलं होतं ते असं: एकच हात किंवा पाय राहून राहून झटकत राहणं, एका हाताची मूठ कायम आवळलेली, एक बाजू कमी हलणं, नजर एकाच बाजूला खिळणं, अचानक न उठणारी गुंगी. यातलं काहीही दिसलं तर वाट न पाहता थेट इस्पितळ. आणि आणखी एक: वर्षाच्या आत बाळ ठळकपणे एकाच हाताने वस्तू घ्यायला लागलं तर ते कौतुकाचं नसतं.

म्हणूनच ती सातव्या महिन्यात खुळखुळा डाव्या हाताने ओढताना पाहून माझी आई म्हणाली, "अगदी आजोबांसारखी डावखुरी होणार बघ," तेव्हा माझ्या हातापायातलं बळ गेलं. डावी धमनी अरुंद, म्हणजे डावा मेंदू, म्हणजे उजवी बाजू कमजोर. आईला काय सांगणार? तिच्या आवाजात नातीचं कौतुक होतं. न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी त्याच दिवशी बोलावलं. बाळाच्या बरोबर समोर मधोमध चेंडू धरला, मग तिचा डावा हात हलकेच धरून ठेवला. तिने उजव्या हाताने चेंडू घेतला आणि तोंडात घातला. मूठ सैल, दोन्ही पायांची ताकद सारखी, पोटावर दोन्हीकडून उलटत होती. "घरी तिची खेळणी कुठल्या बाजूला असतात?" बाईंनी विचारलं. पाळण्याच्या उजव्या बाजूला भिंत होती. आम्ही पाळणा फिरवला.

एकदा पोट बिघडलं आणि उलट्या थांबेनात, तेव्हा मात्र आम्ही रात्री निघालो. तातडीच्या विभागातल्या तरुण डॉक्टरांनी बाळाकडे पाहून जरा तपासून घरी सोडायची भाषा केली; दिसायला ती तेवढी आजारी नव्हतीच. आमच्याकडे न्यूरॉलॉजिस्ट बाईंचं पत्र होतं: निदान, कुठली धमनी अरुंद, औषध कोणतं, पाणी कमी पडू देऊ नये, रक्तदाब पडू देऊ नये, साखर तपासावी. पत्र वाचून त्यांनी लगेच सलाइन लावलं. ज्यांच्या घरी असं बाळ आहे त्यांनी हे पत्र मागून घ्यावंच. इतका दुर्मीळ प्रकार आहे की प्रत्येक डॉक्टरला तो तोंडपाठ असेल ही अपेक्षा चुकीची आहे, आणि रात्री दोन वाजता आपलं सांगणं घाबरलेल्या बापाचं सांगणं ठरतं.

आता ती दुडूदुडू पळते. प्रोप्रॅनोलॉल पहिल्या वाढदिवसानंतर हळूहळू कमी करत बंद केलं. थोडी लाली परत आली, मग स्थिरावली. दुसऱ्या एमआरआयमध्ये डावी धमनी होती तेवढीच अरुंद, आणखी आकसलेली नाही. काही मुलांमध्ये ती पुढे आकसत जाते, म्हणून हे पाहणं चालूच राहणार. ऐकू येण्याची तपासणी झाली, थायरॉइडची होते, दातांच्या डॉक्टरांनी दातांवरचं आवरण पातळ आहे का ते पाहिलं. बोलायला लागली की डोकेदुखीबद्दल विचारत जा, असं सांगितलंय. फेस असलेल्या मुलांमध्ये ती बरीच दिसते.

घरात सध्या वाद आहे तो कानशिलावर राहिलेल्या लालीचा. आईला वाटतं की लेसरने ती घालवावी, पोर शाळेत जाण्याआधी. बायको म्हणते, नुसत्या रंगासाठी पुन्हा भूल कशाला. माझं मत दर आठवड्याला बदलतं. न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी मधला मार्ग सुचवला आहे: पुढच्या एमआरआयसाठी भूल द्यावी लागणारच आहे, करायचाच असेल तर त्याच भुलेत लेसर करून घ्या. भूलतज्ज्ञ तेच आहेत. त्यांची, लेसरवाल्या बाईंची आणि एमआरआयची तारीख अजून जुळायची आहे.